वाक्यरचना शिकवताना आधी प्रत्यय, मग क्रम

दुसरीच्या वर्गाला मराठी शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचा प्रश्न असा आहे: मुले सुटे शब्द बरे वाचतात, तोंडी बोलतातही नीट, पण शब्दपट्ट्या देऊन ‘वाक्य तयार करा’ म्हटले की बरीच मुले भलत्याच क्रमाने पट्ट्या लावतात. स्वाध्यायात अपेक्षित असलेल्या उत्तरापेक्षा वेगळा क्रम आला तर तो चूक धरावा का, आणि या वयात वाक्याची रचना नेमकी कशी शिकवावी?

वेगळा क्रम सरसकट चूक धरू नये, हे पहिल्या भागाचे उत्तर. ‘मी शाळेत जातो’ आणि ‘शाळेत मी जातो’ ही दोन्ही मराठी वाक्ये आहेत. फक्त ती दोन वेगळ्या प्रसंगी बोलली जातात. कर्ता, कर्म, क्रियापद हा मराठीचा नेहमीचा क्रम आहे हे खरे, पण वाक्याचा अर्थ सांभाळण्याचे काम तो क्रम एकटा करत नाही. ते काम प्रामुख्याने नामाला लागलेले प्रत्यय आणि क्रियापदाचे लिंग-वचन करतात. त्यामुळे मराठीत वाक्यरचना शिकवणे म्हणजे आधी प्रत्यय आणि क्रियापदाची जुळणी लिखाणात पक्की करणे, आणि त्यानंतर क्रम बदलला की काय बदलते हे मुलांच्या कानाला जाणवून देणे. आपल्याकडे बहुधा उलटे होते. पट्ट्या आधी येतात, त्यांचा एकच क्रम बरोबर ठरतो, आणि घरी उत्तम मराठी बोलणारे मूल वर्गात मात्र वाक्य ‘येत नाही’ म्हणून मागे पडते.

हे मुलांना दाखवायला तीन वाक्ये पुरतात. ‘मांजराने उंदराला पकडले’ हे वाक्य फळ्यावर लिहावे. त्याखाली ‘उंदराला मांजराने पकडले’ लिहावे आणि विचारावे, आता कोण पकडला गेला? मुले सांगतात, उंदीरच. मग तिसरे वाक्य लिहावे, ‘उंदराने मांजराला पकडले’. येथे वर्ग हसतो, आणि धडा त्या हसण्यातच झालेला असतो. शब्दांच्या जागा बदलल्या तेव्हा गोष्ट तीच राहिली. ‘ने’ आणि ‘ला’ यांची अदलाबदल झाली तेव्हा गोष्ट उलटली. तिन्ही वाक्यांत ‘पकडले’ तसेच राहते, म्हणजे क्रियापद येथे काहीच सुचवत नाही, सगळा भार प्रत्ययांवर आहे, म्हणून सुरुवातीला हेच उदाहरण सोयीचे पडते.

पुढची पायरी प्रत्यय नसलेल्या वाक्यांची. ‘दगड काच फोडतो’ आणि ‘काच दगड फोडतो’ या दोन्ही वाक्यांत फुटते ती काच, कारण ‘फोडतो’ हे रूप दगडाशी जुळते. ‘काच दगड फोडते’ म्हटले की मुलांच्या कपाळाला आठ्या पडतात. हे सर्व त्यांना नियम न सांगता कळते, कारण ती ही भाषा दोन-तीन वर्षांची असल्यापासून बोलत आली आहेत. क्रमावाचून दुसरा आधारच नसतो अशी वाक्ये मराठीत कमी असतात, पण असतात: ‘वारा पाऊस आणतो’ आणि ‘पाऊस वारा आणतो’. दोन्ही नामे पुल्लिंगी, दोहोंना प्रत्यय नाही, म्हणून येथे पहिला आला तोच आणणारा. हे उदाहरण मी तिसरीच्या आधी वापरत नाही, मात्र शिक्षकाच्या मनात ते असले पाहिजे. आपला क्रम केव्हा निर्णायक असतो आणि केव्हा नसतो, हे त्यावरून चटकन लक्षात येते.

आता पट्ट्यांविषयी, कारण खरी अडचण तेथे आहे. विस्कळीत शब्दांचा प्रकार वाईट नाही, पण तो प्रश्नावाचून देऊ नये. ‘राधाने’, ‘आंबा’, ‘खाल्ला’ अशा तीन पट्ट्या दिल्या तर मूल कोणता क्रम लावणार? ‘राधाने काय खाल्ले?’ असे विचारले तर सहज उत्तर येते, ‘राधाने आंबा खाल्ला’. ‘आंबा कोणी खाल्ला?’ असे विचारले तर तितक्याच सहजपणे येते, ‘आंबा राधाने खाल्ला’. विचारलेली गोष्ट मराठीत साधारणपणे क्रियापदाच्या अगदी आधी येऊन बसते. म्हणून पट्ट्यांच्या प्रत्येक संचाबरोबर एक प्रश्न द्यावा, आणि त्याच पट्ट्या दुसऱ्या प्रश्नासाठी पुन्हा लावायला सांगाव्या. यामुळे उत्तर तपासता येते, मुलाला क्रमाचे कारण सापडते, आणि एकाच संचातून दोन-तीन वाक्ये निघतात. स्वाध्यायात प्रश्न दिलेला नसेल तर शिक्षकाने तो तोंडी विचारावा. त्याला वेगळे साहित्य लागत नाही.

साहित्याचे म्हणाल तर वर्गात एक सुतळी बांधावी आणि कपड्यांचे चिमटे घ्यावे. उजव्या टोकाला क्रियापदाची पट्टी चिमट्याने अडकवून ठेवावी, डाव्या टोकाला ‘कोण’ची. मध्ये जागा मोकळी सोडावी. ‘मुलगी पळाली’ एवढे वाक्य सर्वांनी वाचल्यावर विचारावे, कुठे पळाली? ज्याला सुचेल त्याने ‘अंगणात’ लिहून आणावे आणि मध्ये अडकवावे. मग केव्हा, कशी, कशाला असे एकेक विचारत जावे. ‘मुलगी पाऊस बघायला अंगणात पळाली’ इथपर्यंत वाक्य पोहोचले की मुलांच्या लक्षात येते की मराठी वाक्य मधून वाढते आणि क्रियापद आपली जागा सोडत नाही. ‘काल’सारखा शब्द कोणी अगदी सुरुवातीला आणून लावला तर लावू द्यावा, कारण ‘काल मुलगी अंगणात पळाली’ आणि ‘मुलगी काल अंगणात पळाली’ ही दोन्ही चालतात. पट्ट्या पाठकोऱ्या कागदाच्या असाव्या आणि त्यांवरचे शब्द मुलांनीच लिहावे. १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी परिसरातील फुकट मिळणाऱ्या वस्तूंवर शिक्षण उभे करून दाखवले, तरीही छापील रंगीत संचावाचून भाषेचा तास होत नाही असा समज आपल्याकडे अजून आहे.

वाक्य किती लांब असावे, याला हाताशी एक माप आहे. सुरुवातीच्या इयत्तांत वाचन-लेखन पक्के व्हावे म्हणून केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने पहिलीच्या अखेरीस मुलाला चार-पाच सोप्या शब्दांची अनोळखी वाक्ये वाचता यावीत अशी अपेक्षा ठेवली आहे. लिहिण्यासाठीही दुसरीत तेवढीच लांबी पुरे. मूल तोंडी दहा शब्दांचे वाक्य बोलेल, ते बोलू द्यावे. पण त्याच्याकडून तेवढे लिहून घेण्याची घाई केली तर त्याचे सगळे लक्ष अक्षरे काढण्यात जाते आणि वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात विसरलेली असते.

प्रत्ययांच्या बाबतीत एक पद्धत मात्र मी कटाक्षाने टाळायला सांगेन. नामाची एक पट्टी आणि ‘ला’, ‘ने’, ‘त’ यांच्या वेगळ्या पट्ट्या करून जोडायला देणे हा प्रकार दिसायला आकर्षक आहे, पण मराठीत तो चुका शिकवतो. ‘घोडा’ आणि ‘ला’ जोडून ‘घोड्याला’ होते, ‘शाळा’ आणि ‘त’ जोडून ‘शाळेत’ होते. प्रत्ययापूर्वी नामाचे रूप बदलते. घरी कधीही ‘घोडाला’ न म्हणणारे मूल पट्ट्या जोडताना ‘घोडाला’ तयार करते, कारण आपण तसे जोडायला दिलेले असते. म्हणून पट्टीवर ‘घोड्याला’, ‘शाळेत’, ‘मांजराने’ अशी पूर्ण रूपेच लिहावी. सामान्यरूपाचा नियम पुढच्या इयत्तांत येईल तेव्हा येईल.

याच्याशी जोडलेली दुसरी चूक वह्यांमध्ये सर्रास दिसते, ती म्हणजे ‘घोड्या ला’, ‘झाडा खाली’, ‘आई साठी’ असे तोडून लिहिणे. बोलताना शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, त्यामुळे एक शब्द कोठे संपतो हे लिहिताना मुलाला नव्याने शिकावे लागते. येथे एक साधी परीक्षा उपयोगी पडते: नुसते ‘शाळे’ असे कोणी म्हणते का? नुसते ‘झाडा’? म्हणत नाही, तर मग ते एकटे उभे राहू शकत नाही, पुढच्याशी जोडून लिहायचे. ‘आई’ मात्र एकटी उभी राहते, त्यामुळे ‘आईसाठी’ या परीक्षेत बसत नाही. तेथे मागचा तुकडा तपासावा. नुसते ‘साठी’ म्हटले तर मुले लगेच विचारतात, कोणासाठी? एवढी चर्चा दुसरीची मुले उत्साहाने करतात.

क्रियापदाच्या जुळणीसाठी डब्याचा तास सर्वांत चांगला. जेवणाच्या सुट्टीनंतर प्रत्येकाने काय खाल्ले ते सांगावे आणि शिक्षकाने ते फळ्यावर लिहीत जावे: समीरने लाडू खाल्ला, समीरने पोळी खाल्ली, समीरने केळे खाल्ले. समीर तोच असून शेवटचा शब्द बदलतो, हे मुलांनी स्वतः शोधावे. येथे लेखनाची एक खोच आहे. मुले ‘केळं खाल्लं’ म्हणतात आणि पुस्तकात ‘केळे खाल्ले’ असते. त्याच वेळी ‘आंबे खाल्ले’ मधले ‘खाल्ले’ अनेकवचनी असते. एकच लेखी रूप दोन कामे करत असल्यामुळे मूल गोंधळले तर आश्चर्य नाही. बोललेले रूप आणि लिहिलेले रूप शेजारी लिहून दोन्ही मोठ्याने वाचून घ्यावी, आणि मुलाने वहीत ‘केळं खाल्लं’ लिहिले तर ते दुसरीत चालवून घ्यावे. ‘मी लाडू खाल्ला’ असे म्हणताना ‘मी’ला ‘ने’ लागत नाही, ‘त्याने’ मध्ये लागतो. घरी हिंदी बोलणारी मुले ‘मैंने’च्या सवयीने ‘मीने’ म्हणतात, आणि काही ग्रामीण घरांत ‘म्या’ ऐकू येते. ‘मीने’ हळूच दुरुस्त करावे. ‘म्या’ हे जुने मराठी रूपच आहे, त्याला चूक न म्हणता ‘पुस्तकात मी लिहितात’ एवढे सांगावे.

घरी कोरकू, गोंडी यांसारखी वेगळी भाषा असलेल्या मुलांची चिंता शिक्षक क्रमाच्या बाबतीत विनाकारण करतात. या भाषांतही क्रियापद सामान्यतः शेवटी येते, त्यामुळे क्रम त्यांना अवघड जात नाही. मराठीची तीन लिंगे आणि त्यांनुसार बदलणारे क्रियापद त्यांना जड जाते. त्या मुलांना डब्याचा तास अधिक वेळा हवा, आणि चुका मोजणे पूर्ण बंद हवे.

‘क्रिया करणारा तो कर्ता आणि वाक्य त्याच्यापासून सुरू होते’ ही व्याख्या पहिली-दुसरीत देऊ नये. ‘मला भूक लागली’ यात मी काय केले? ‘मला चिंच आवडते’, ‘मला आंबा आवडतो’ यांत क्रियापद चिंचेशी आणि आंब्याशी जुळते, ‘मला’शी नाही, आणि मुलांची निम्मी वाक्ये भूक, आवड, भीती, झोप यांविषयीच असतात. व्याख्या पाठ करणारे मूल येथे अडते. कोण, कोणी, कोणाला, काय, कुठे, केव्हा या प्रश्नांवर चौथीपर्यंतचे बहुतेक काम भागते; नाम, सर्वनाम, क्रियापद ही नावे तिसरी-चौथीत आली की ती आधीच ओळखीच्या गोष्टींना चिकटतात.

मग दुरुस्त काय करावे? मराठीत काही जागा खरोखर ठरलेल्या आहेत, आणि शिक्षकाने आपली शक्ती तेथे खर्च करावी. विशेषण नामाच्या आधी येते, ‘लाल फूल’. ‘बसली आहे’, ‘जात होता’ यांत साहाय्यक क्रियापद मागून येते. ‘नाही’ क्रियापदानंतर येते. ‘मला नाही जायचे’ हा बोलण्यातला हट्टाचा सूर आहे, तो संवाद लिहिताना ठेवावा. ‘का’ची गंमत तर स्वतंत्र तास घेण्याजोगी आहे. ‘तू येतोस का?’ याचे उत्तर हो किंवा नाही असे येते, ‘तू का येतोस?’ याला कारण सांगावे लागते. दोन मुलांना समोर उभे करून एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरा प्रश्न विचारावा, वर्गाने उत्तरे द्यावी. ‘च’चेही तसेच: ‘मीच आज पोळी खाल्ली’, ‘मी आजच पोळी खाल्ली’, ‘मी आज पोळीच खाल्ली’ या प्रत्येक वाक्यानंतर ‘म्हणजे काय झाले नाही?’ असे विचारले की मुले चोख उत्तर देतात: दुसऱ्या कोणी खाल्ली नाही, काल खाल्ली नाही, भात खाल्ला नाही. जागेमुळे अर्थ बदलतो याची याहून स्वच्छ उदाहरणे मराठीत मला माहीत नाहीत.

बोलणे आणि लिहिणे यांतील एक फरक येथे सांगायला हवा, कारण पुष्कळ ‘चुकीचे’ क्रम त्यातून येतात. बोलताना आपण क्रियापद आधी उरकतो आणि राहिलेले मागून जोडतो: ‘गेलो होतो काल मामाकडे’, ‘दे ना मला ती वही’, ‘बस खाली’. वर्गात शिक्षकही दिवसभर असेच बोलतात, आणि बडबडगीतांत तर यमकासाठी क्रम फिरवलेलाच असतो. मूल हे ऐकून तसेच लिहिते. त्याला चूक न म्हणता ‘हे बोललास छान, आता पुस्तकासारखे लिहू’ असे म्हणून मागे राहिलेले शब्द क्रियापदाच्या आधी आणून घ्यावे. गाण्यातील एक ओळ घेऊन ती साध्या वाक्यात लिहिणे हा तिसरीसाठी उत्तम गृहपाठ आहे.

एका वाक्याचा क्रम जमला की लगेच दोन वाक्यांकडे वळावे, कारण मराठीत क्रमाचा खरा उपयोग तेथे दिसतो. जुन्या कहाण्यांची सुरुवात आठवावी: आटपाट नगर होते, तेथे एक राजा होता, त्या राजाला दोन राण्या होत्या. प्रत्येक वाक्य मागच्या वाक्याच्या शेवटाला धरून सुरू होते. माहीत असलेले आधी, नवे नंतर. मुलांना पहिले वाक्य द्यावे, ‘आमच्या गावात एक विहीर आहे’, आणि पुढचे वाक्य ‘त्या विहिरीत’ किंवा ‘त्या विहिरीवर’ यानेच सुरू करायला सांगावे. पाच-सहा वाक्यांत गोष्ट उभी राहते आणि ‘मग… मग… मग…’ आपोआप कमी होते.

तिसरी-चौथीत जोडवाक्ये घ्यावी. ‘पाऊस आला म्हणून आम्ही घरी थांबलो’ आणि ‘आम्ही घरी थांबलो कारण पाऊस आला’ यांत कारणाची बाजू बदलते. मुले ‘म्हणून’ आणि ‘कारण’ यांची सरमिसळ करतात, ती पट्ट्या प्रत्यक्ष उलटसुलट लावूनच सुटते. ‘-ऊन’ची रूपे मुले बोलतात, पण लिहिताना फसतात. ‘मी घरी येऊन जेवलो’ ठीक आहे, दोन्ही कामे माझीच आहेत. ‘मी घरी येऊन आईने वाढले’ जमत नाही, तेथे ‘मी घरी आल्यावर आईने वाढले’ असे हवे. ‘दोन्ही कामे एकाचीच का?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लावली की पुरते.

वहीतील दुरुस्तीबद्दल थोडे. मुलाने लिहिलेले वाक्य शिक्षकाने आहे तसेच, सावकाश, मोठ्याने वाचून दाखवावे. बहुतेक वेळा मूल स्वतःच थांबवते. थांबवले नाही तर एकच प्रश्न विचारावा, ‘कोणाला?’ किंवा ‘कोणी?’. एका वाक्यात एकच गोष्ट दुरुस्त करावी. प्रत्यय, जुळणी, ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्ह असे सगळे एकदम लाल केले तर मूल पुढच्या वेळी तीन शब्दांचे निर्धोक वाक्य लिहिते आणि तेथेच राहते.

इंग्रजीच्या तासाला मात्र हे सगळे उलटे सांगावे लागते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि त्या भाषेत ‘ने’, ‘ला’ नसल्यामुळे कोणी कोणाला पकडले हे केवळ जागेवरून कळते. ‘आय मँगो ईट’ लिहिणारे मूल मराठीची चौकट इंग्रजीला लावत असते. त्याच मांजर-उंदराची चित्रे इंग्रजीच्या तासालाही वापरावी आणि तेथे शब्दांची जागा बदलताच गोष्ट उलटते हे दाखवावे. परदेशातील रविवारच्या मराठी शाळांत नेमका विरुद्ध प्रकार दिसतो; तेथील मुले ‘मी खातो आंबा’ असे इंग्रजीच्या चौकटीत मराठी बसवतात, आणि त्यांना आधी सुतळीवर उजव्या टोकाला क्रियापद अडकवून देणे हाच उपाय लागू पडतो. आपल्या वर्गात दोन्ही भाषा एकच शिक्षक शिकवत असेल, तर हे दोन तास एकाच दिवशी न घेता आठवड्याच्या अंतराने घ्यावे, आणि मराठीचा तास आधी घ्यावा.